भट्टीपाशी पाहुणी

काच फुंकणाऱ्या एका स्टुडिओत मी महिनाभराच्या रेसिडेन्सीला, म्हणजे तिथेच राहून काम करायला, गेले होते. पहिला आठवडा मी दार उघडण्यात आणि लावण्यात घालवला. दार ग्लोरी होलचं. ग्लोरी होल म्हणजे काच पुन्हा तापवायचं, आगीनं भरलेलं आडवं पिंप आणि त्याच्या तोंडाशी सरकणारी दोन झापं. कारागीर नळीच्या टोकावरची काच घेऊन वळला की झापं उघडायची, काच आत गेली की तिच्यापुरती फट ठेवून लोटायची, बाहेर निघायच्या आत पुन्हा उघडायची. लवकर उघडलं तर आच वाया जाते. उशीर झाला तर काच झापेला चिकटते आणि अर्ध्या तासाचं काम जमिनीवर येतं. ‘उघड’ असं कोणी म्हणत नाही. समोरच्याचा खांदा वळताना आपण बघायचा असतो.

आले होते मी कलावंत म्हणून. प्रस्ताव पाठवला होता, दहा फोटो जोडले होते, ‘माझ्या कामामागची भूमिका’ या नावाखाली पानभर गद्य लिहिलं होतं. त्यात ‘स्मृती’ हा शब्द चार वेळा आला होता. तिथे गेल्यावर एका संध्याकाळी वाचताना मोजला. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता महिनाभर कोणी हाक मारणार नाही. आपण, आपली वही आणि आपली काच.

याला कारण माझं आधीचं काम. मी सपाट काचेत काम करते. रंगीत पत्रे कापायचे, एकावर एक रचायचे, विजेच्या भट्टीत ठेवून झाकण लावायचं, तापमानाचे टप्पे नेमून द्यायचे आणि झोपायला जायचं. दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. चुकलं तर आपलं, जमलं तर आपलं. काच ही एकट्यानं करायची गोष्ट आहे असं मी पंधरा वर्षं धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यातली काचेपेक्षा एकटेपणाची बाजू जास्त आवडत होती.

लेखकांच्या रेसिडेन्सीबद्दल मैत्रिणींकडून ऐकलेलं असतं: खोली, खिडकी, शांतता, दाराशी आणून ठेवलेलं ताट. थोडक्यात माहेरपण. काचेच्या चालत्या स्टुडिओतली रेसिडेन्सी म्हणजे लगीनघर. कोणीतरी सतत काहीतरी गरम घेऊन मागून येत असतं आणि ‘मागे!’ असं ओरडत असतं. आपण पाहुणे आहोत की वाढपी, हे शेवटपर्यंत कळत नाही.

याच्या मुळाशी भट्टी आहे. वितळलेल्या काचेची भट्टी संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करता येत नाही. आत एक मोठी मूस असते आणि तिच्यात काच अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास कायम पातळ ठेवलेली असते. थंड होऊ दिली तर काच आखडते आणि मुशीला तडा जातो. म्हणून ती रात्रंदिवस पेटती, रविवारी पेटती, कोणी आजारी असलं तरी पेटती. दिवसाचं काम संपलं की संध्याकाळी तिच्यात कच्चा माल आणि फुटकी काच भरायची, आच वाढवायची. रात्रभरात ते वितळतं, बुडबुडे वर येऊन निघून जातात आणि सकाळी काच स्वच्छ मिळते. इतका गॅस एकट्या कलावंताला परवडत नाही. 2021-22 मध्ये गॅसचे भाव चढले तेव्हा इटलीतल्या मुरानोसारख्या, शतकानुशतकं काच करत आलेल्या बेटावरही कित्येक भट्ट्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सौदा सरळ असतो. सकाळी स्टुडिओ विकायचा माल करतो. त्या मालानं पेटत्या ठेवलेल्या भट्टीत दुपारी पाहुण्याला हात घालू देतात.

आमच्या भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर माझं नाव दोनच चौकोनांत: मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच. बाकी सगळे चौकोन पेल्यांचे. हो, पेले. पाणी प्यायचे, साधे, बुडाशी जरा जाड. सकाळी तिघांची टोळी साठ पेले करायची. टोळीची मुख्य एक पंचावन्न-साठीची बाई. काचेच्या धंद्यात बाकावर बसून वस्तू पुरी करणाऱ्या मुख्य कारागिराला गॅफर म्हणतात. मी मनातल्या मनात तिला गॅफरबाई म्हणायला लागले आणि नंतर तोंडावरही म्हणाले. ते काय आहे हे समजावून सांगितल्यावर तिला आवडलं.

पेला कसा होतो ते मी शंभरेक वेळा तरी पाहिलं असेल. एक पोरगा नळीचं टोक भट्टीत बुडवून फिरवतो आणि काचेचा गोळा उचलून आणतो. नळी म्हणजे लांबलचक फुंकणीच, फक्त ही फुंकणी आग फुलवायला नसून आगीतूनच काहीतरी काढून आणायला असते. गोळा लोखंडी पाट्यावर लोळवतात. या पाट्याचं नाव मार्व्हर. मुळात तो संगमरवराचा असायचा म्हणून ते नाव. मग एक हलकी फुंक. आत वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला की पुन्हा भट्टीत बुडवून वर दुसरा थर. मग गॅफरबाईच्या बाकावर. तिच्या हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी असते, काळी पडलेली, वाफाळणारी. तिच्या आणि हजार अंशांवरच्या काचेच्या मध्ये तेवढाच कागद. एका हातानं ती नळी बाकाच्या दांड्यांवर पुढे-मागे फिरवत असते आणि दुसऱ्या हातातल्या कागदावर गोळा आकार घेत असतो. फिरवणं थांबलं की काच खाली ओघळते. म्हणून फिरवायचं. बोलताना, शिंकताना, नळी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना, सगळा वेळ फिरवायचं. त्या महिन्यात मी जो शब्द सगळ्यांत जास्त ऐकला तो हाच: फिरव.

मग पंटी. पेल्याचा काठ उघडायचा तर नळी काठाच्या बाजूनं तोडावी लागते आणि वस्तू बुडाकडून धरावी लागते. त्यासाठी एका भरीव लोखंडी दांड्याच्या टोकावर चिमूटभर गरम काच घेऊन ती बुडाला चिकटवायची. हा दांडा म्हणजे पंटी. पहिल्यांदा मला ‘पणती’ ऐकू आलं, आणि टोकाला तेवढीशी ज्योत असल्यासारखा तो दिसतोही. पंटी फार गरम असली तर बुडात रुतून बसते आणि शेवटी सोडवताना बुडाचा तुकडा घेऊन येते. फार थंड असली तर चिकटल्यासारखी वाटते आणि भलत्या क्षणी सोडून देते. नेमकी किती गरम? गॅफरबाई म्हणाली, ‘लाल जाऊन दोन श्वास.’ कोणाचे श्वास, हे विचारायचं राहून गेलं.

माझ्या मंगळवारी मी वही घेऊन बाकाशी उभी राहिले. फुंकता मला येत नव्हतं, ते अर्जातच लिहिलं होतं. मी काढायचं आणि टोळीनं करायचं, असं ठरलेलं होतं. माझ्या चित्रात एक उंच, अरुंद भांडं होतं, मध्येच काटकोनात वळलेलं. गॅफरबाईनं वही हातात घेतली, आडवी धरली, उभी धरली.

‘हा कोपरा कशासाठी?’

मी स्मृतीबद्दल काहीतरी बोलले.

‘कोपरा जमेल,’ ती म्हणाली, ‘पण काचेला तो नको असतो. तुला फारच हवा असेल तर तिच्याशी भांडू. मग भांडण झालेलं दिसेल. चालेल?’

त्या दुपारी तीन तुकडे जमिनीवर गेले. चौथा राहिला, त्यात कोपरा होता आणि भांडण झालेलं स्पष्ट दिसत होतं. मी बाजूला उभी राहून ‘अजून थोडं डावीकडे’ म्हणत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या तीन तासांत नीट कळलं. उंटावर बसलेल्यालाही घाम येतो, एवढं मात्र खरं.

रात्री खोलीवर मी स्वतःची समजूत काढली, आणि त्यासाठी इतिहासाला कामाला लावलं. अमेरिकन काचकलावंत डेल चिहुलींचा 1976 मध्ये अपघात झाला, डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. 1979 मध्ये खांदा निखळला आणि नळी त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिली. तेव्हापासून ते चित्रं काढतात, सूचना देतात आणि मोठी टोळी काम करते. झेकोस्लोव्हाकियात स्टानिस्लाव्ह लिबेन्स्की चित्र काढायचे, यारोस्लावा ब्रिख्तोव्हा त्याचं मातीत रूप करायच्या आणि मग ते साच्यातून काचेत उतरायचं. एक वस्तू, दोन नावं. फ्रान्समधल्या मार्सेयच्या सिर्वा या काचकेंद्रात तर काचेला कधी हात न लावलेल्या चित्रकार-शिल्पकारांनाही बोलावतात आणि तिथले तंत्रज्ञ त्यांच्याबरोबर काम करतात. चिहुली जिच्या संस्थापकांपैकी एक होते त्या अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेतही, 1971 पासून चालत आलेल्या, दुसऱ्या माध्यमातले कलावंत येतात आणि त्यांच्या मदतीला गॅफर असतात. म्हणजे मी करत होते ते काही जगावेगळं नव्हतं. झोप मात्र लागली नाही.

कारण माझी सगळी श्रद्धा दुसऱ्याच एका गोष्टीवर होती. स्टुडिओ काचेची चळवळ, कारखाना सोडून कलावंतानं स्वतःची छोटी भट्टी पेटवायची, ही गोष्ट जिथून सुरू झाली म्हणतात ती 1962 मधली, अमेरिकेतल्या टोलेडोची कार्यशाळा. हार्वी लिटलटन हे मातीकाम शिकवणारे प्राध्यापक. काच एकट्यानं, कारखान्याबाहेर करता येईल अशी त्यांची धारणा. मार्च महिन्यात टोलेडोच्या कला संग्रहालयाच्या आवारातल्या गॅरेजमध्ये भट्टी बांधली, काच वितळवायला घेतली. ती फसली. तेव्हा डॉमिनिक लबिनो मदतीला आले. ते काचतंतू बनवणाऱ्या कारखान्यात संशोधनाचं काम पाहत. त्यांनी तिथल्या काचेच्या गोट्या आणल्या, अगदी खेळायच्या असतात तसल्या, आणि त्या छान वितळल्या. काच तर मिळाली, पण फुंकायची कशी हे जमलेल्यांपैकी कोणाला धड येत नव्हतं. ते दाखवलं लिबी काच कारखान्यातून निवृत्त झालेल्या हार्वी लीफग्रीन नावाच्या कारागिरानं.

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा सांगितली आहे आणि दर वेळी लिटलटनच्या जिद्दीवर संपवली आहे. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की एकट्यानं काच करायच्या या पहिल्याच प्रयत्नात काच कारखान्याची होती आणि शिकवणारा श्वासही कारखान्याचाच. गोट्या आणि लीफग्रीन मी घाईघाईत, कंसात घातल्यासारखे सांगत आले होते.

(मुरानोचंही तेच. 1291 मध्ये व्हेनिसनं आगीच्या भीतीनं भट्ट्या बेटावर हलवल्या आणि पुढे कसब बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांवर निर्बंध घातले, हे सगळे सांगतात. 1979 मध्ये लिनो तालियापिएत्रा हे मुरानोचे उस्ताद पिलचकला शिकवायला गेले तेव्हा बेटावरच्या काहींना ते रुचलं नाही, हेही सांगतात. पण तिथून पुढची कित्येक वर्षं जगभरच्या स्टुडिओंमध्ये हात ज्या सफाईनं फिरायला लागले ती सफाई कोणाची, हा प्रश्न वस्तूखालच्या पाटीवर मावत नाही.)

दुसऱ्या आठवड्यात मी दारावरून बढती मिळून फळीवर आले. वस्तू ग्लोरी होलमधून बाहेर येते तेव्हा तिच्या धगीनं कारागिराचा हात भाजतो. आपण मध्ये ओल्या लाकडाची फळी धरायची. याच आठवड्यात मी माती खाल्ली, ती सांगायला हवी.

घरून निघताना मी माझ्या आवडत्या निळ्या काचेच्या पट्ट्या सामानात घेतल्या होत्या. गरम गोळ्यावर त्या लोळवून घ्यायच्या, असा बेत. प्रत्येक काच तापल्यावर ठरावीक प्रमाणात फुगते आणि निवताना तेवढीच आकसते. त्या प्रमाणाला काचवाले नुसत्या आकड्यानं ओळखतात. माझी काच नव्वदची, भट्टीतली शहाण्णवची. स्टुडिओच्या पत्रात हे ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते पत्र मी राहायची सोय वाचण्यापुरतं वाचलं होतं. पट्ट्यांवर आकडा नव्हता, मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गुरुवारी पेल्याहून थोडं मोठं, निळ्या रेघांचं एक भांडं झालं. माझ्या वहीतल्यासारखं हुबेहूब. ते रात्रभर निववायच्या भट्टीत, अ‍ॅनीलरमध्ये राहिलं. पाचशे अंशांच्या आसपासवरून हळूहळू उतरवतात, म्हणजे आतला आणि बाहेरचा भाग बरोबरीनं निवतो. सकाळी निघालं ते अखंड. मी ते खिडकीत ठेवलं आणि तीन दिवस येता-जाता पाहिलं.

रविवारी रात्री आवाज आला. फुटल्याचा खळ्ळ वगैरे काही नाही. बोटं मोडल्यावर येतो तेवढाच, टक्. दिवा लावून पाहिलं तर एका निळ्या रेघेच्या कडेनं केसासारखी चीर गेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती अर्धा बोट पुढे सरकली. मग थांबली. मग पुन्हा टक्.

मराठीत ‘काच’ या शब्दाचा दुसरा अर्थ मला आठवला: नाडीचा काच, जाच-काच. घट्ट बांधलं की आत रुततं तो. नव्वदची काच शहाण्णवच्या काचेत तशीच अडकली होती. एक कमी आकसली, दुसरी जास्त, आणि दोघींना सोडवणूक नाही.

सोमवारी ते भांडं मी गॅफरबाईसमोर ठेवलं आणि आकडा सांगितला. ती रागावली नाही, ते जास्त वाईट. तिनं दोन धूसर काचा आणल्या, त्यांच्यामध्ये तुकडा धरून पाठीमागे दिवा लावला. ध्रुवीकरण करणाऱ्या काचा त्या. एरवी त्यातून काळोख दिसतो. निळ्या पट्ट्यांच्या कडेनं मात्र पांढरी प्रभावळ उजळली होती. ‘हा ताण,’ ती म्हणाली. ‘शुक्रवारीच होता. तेव्हाच दाखवला असता, तू विचारलं असतंस तर.’ मग पोऱ्याला हाक मारून म्हणाली, हे तुकडे भंगारात टाक, आपल्या फुटक्या काचेच्या डब्यात नको. तो डबा संध्याकाळी भट्टीत रिकामा होतो. माझी एक पट्टी त्यात गेली असती तर दुसऱ्या दिवशीच्या साठ पेल्यांत तिच्या रेघा आल्या असत्या.

वाट पाहणं या कामात किती मुरलेलं आहे याचं माझं आवडतं उदाहरण कलेतलं नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये 200 इंच व्यासाची काचेची तबकडी ओतली, डिसेंबर 1934 मध्ये. त्याच वर्षी आधी ओतलेली फसली होती, साच्यातले ठोकळे सुटून वर तरंगले होते. दुसरी नीट ओतली गेली आणि मग तिला निववायला सुमारे 10 महिने लागले. फसलेली तबकडी आता कॉर्निंगच्या काच संग्रहालयात ठेवलेली आहे. या संग्रहालयाच्याच स्टुडिओत, 1996 मध्ये सुरू झालेल्या, जगभरचे काचकलावंत महिना-महिना येऊन राहतात. जिथे रेसिडेन्सीला जायचं तिथे सगळ्यांत मोठी वस्तू फसलेली असावी, हे मला फार आश्वासक वाटतं.

त्यानंतर मी कोपरे सोडले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या वहीत चित्रं कमी आणि बाण जास्त होते: कोणी कुठे उभं राहायचं, नळी कोणाकडून कोणाकडे जाणार. सात वस्तू झाल्या. चार बऱ्या, एक चांगली. चांगलीला मी तळाशी घासून, पॉलिश करून हिऱ्याच्या टोकाची लेखणी हातात घेतली आणि थांबले. सहीची जागा बोटाच्या पेराएवढी.

‘तुमचंही नाव घालते,’ मी म्हणाले.

‘नको. ते तुझं आहे.’ मग जरा वेळानं, ‘माझं मी रविवारी करते.’

रविवारी? तीन आठवडे मी त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहत होते. रविवारी भट्टी पेटती असते हे मला ठाऊक होतं. खाली कोणी असतं हे माहीत नव्हतं. पेल्यांची मागणी रविवारी नसते, पाहुण्यांची पाळी नसते. मुशीच्या तळाशी आठवड्याची उरलेली काच असते आणि ती संध्याकाळी नवा माल भरेपर्यंत स्टुडिओतल्या माणसांची. त्या वेळात ती काय करते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. माझ्या कामामागची भूमिका तिला तोंडपाठ होती.

तिनं मागच्या खोलीतलं कपाट उघडून दाखवलं. त्यातल्या वस्तूंचं वर्णन मी इथे करणार नाही. तिनं त्या अजून कुठे मांडलेल्या नाहीत आणि पहिलं वर्णन माझं असू नये. एवढंच सांगते, की मी बराच वेळ काही बोलले नाही आणि तिला ते पुरेसं झालं.

‘तुम्ही कुठे अर्ज नाही केलात? रेसिडेन्सीला?’

‘एकदा केला होता. महिनाभर रजा मिळाली नाही. मी नसेन तर बाकावर कोण बसणार? त्यातून पाहुणे येणार होते त्या महिन्यात.’ ती हसली. टोमणा नव्हता, निदान मला तरी तो तसा ऐकू आला नाही. रेसिडेन्सी मिळायला माणूस बाहेरचं असावं लागतं. जी रोज भट्टीपाशी राहते तिला ‘रेसिडेंट’ म्हणत नाहीत.

माझा शेवटचा रविवार होता. सामान भरून झालं होतं, गाडी संध्याकाळची. सकाळी सातला मी खाली गेले. गॅफरबाई बाकावर, पोरगा नळीवर, तिसरा आलेला नव्हता. मी काही न विचारता दाराशी जाऊन उभी राहिले. झापं उघडली, लोटली, उघडली. आता खांदा वळायच्या आधी कळत होतं. तापलेली काच सगळी केशरीच दिसते, तिच्यात कुठला रंग घातलाय ते निवल्याशिवाय समजत नाही. त्यामुळे ती काय करते आहे ते मला अर्धंच दिसत होतं. तासाभरानं तिनं मान न वळवता हाक दिली, ‘पंटी.’

पोऱ्याच्या हातात फळी होती. म्हणजे मी.

दांडा भट्टीत घातला, टोक बुडवलं, फिरवत बाहेर काढलं, पाट्यावर टेकवून टोकाला आकार दिला. लाल गेला. एक श्वास. दुसरा मी जरा लांबवला असावा. चालत गेले, फिरवत. तिनं चिमट्यानं टोक ओढून बुडाच्या मध्याशी आणलं, टेकवण्याआधी एक क्षण बघितलं, आणि चिमटा बाजूला केला.

‘थंड आहे,’ ती म्हणाली. ‘दुसरी आण.’

तिची वस्तू गरम ठेवायला पोरगा ग्लोरी होलकडे धावला. त्याला दार उघडून द्यायला कोणी नव्हतं. त्यानं ते पायानं ढकललं. मी भट्टीकडे वळले.